उसन्या दगडांचा किल्ला

मक्काबींच्या पहिल्या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात गावांची आणि देशांची एक लांबलचक यादी आहे. रोमच्या कॉन्सलने यहुदी लोकांशी मैत्री ठेवावी म्हणून ज्यांना ज्यांना पत्रे धाडली, त्यांची ती नामावली. वाचताना आपण सारेच ती यादी घाईने उरकतो. ती नावे जिभेवर बसत नाहीत आणि त्यांच्यामागे कोणती माणसे होती हेही ठाऊक नसते. याच यादीत, तेविसाव्या ओळीत, ‘हालिकार्नासस’ हे एक नाव येते. इफेसची यात्रा आटोपून परतीच्या विमानाला दोन दिवस शिल्लक असताना आमच्या तुकडीने तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील बोद्रुम या गावी जावयाचे ठरविले, तेव्हा ‘तेच ते मक्काबींचे हालिकार्नासस’ असे कोणी तरी सांगितले आणि ज्यांना विश्रांती हवी होती तेही बसमध्ये येऊन बसले.

बोद्रुमचा किल्ला दोन आखातांच्या मध्ये समुद्रात घुसलेल्या खडकावर उभा आहे. दुरून पाहताना तटापेक्षा बुरूजच अधिक डोळ्यांत भरतात. त्यांतील फ्रेंच बुरूज सर्वांत उंच आहे. तटावर चढून पश्चिमेकडे पाहिले की समोर कोस बेटाचे डोंगर दिसतात. प्रेषितांच्या कृत्यांतील एकविसाव्या अध्यायाच्या आरंभी संत पौल मिलेताहून निघून सरळ मार्गाने कोसला येतो आणि दुसऱ्या दिवशी ऱ्होड्सला पोहोचतो. ते तारू ज्या पाण्यावरून गेले, ते पाणी आमच्यापुढे पसरलेले होते. आमच्यातील एका वृद्ध धर्मभगिनींनी तेथेच उभे राहून क्रूसाची खूण केली. यात्रेकरूला असे क्षण फार प्रिय असतात. परंतु या किल्ल्याने पुढील चार तासांत आम्हांला जे दाखविले, ते सारेच इतके सुखकर नव्हते.

येथे प्रथम थोडा इतिहास सांगणे भाग आहे.

हालिकार्नासस ही कारिया प्रांताची राजधानी. इतिहासाचा जनक म्हणून ज्याला मान दिला जातो तो हिरोडोटस याच गावचा. भारतात झाडांना लोकर लागते आणि तेथील लोक तिचे कपडे करतात, हे आपल्या कापसाचे वर्णन त्याच्याच ग्रंथात आहे. त्याच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, इराणच्या सम्राटाचा मांडलिक म्हणून माउसोलस येथे राज्य करीत होता. इसवी सनापूर्वी ३५३ मध्ये तो मरण पावला आणि त्याची बहीण व पत्नी असलेल्या आर्तेमिसियाने त्याच्या समाधीचे काम पुढे नेले. छत्तीस स्तंभ, त्यांवर चोवीस पायऱ्यांचा पिरॅमिड आणि शिखरावर चार घोड्यांचा रथ, असे तिचे वर्णन प्लिनीने करून ठेविले आहे. स्कोपास, लिओखारेस, ब्रिआक्सिस आणि तिमोथिअस या ग्रीक शिल्पकारांनी तिच्या चारही बाजू सजविल्या. जगातील सात आश्चर्यांत तिची गणना झाली. त्या राजाच्या नावावरूनच युरोपीय भाषांत भव्य समाधीला ‘मोसोलियम’ हा शब्द मिळाला, आणि आग्र्याच्या ताजमहालाचा इंग्रजीत उल्लेख होतो तेव्हाही या माउसोलसचेच नाव नकळत घेतले जाते.

ती समाधी आज नाही. गावात तिची जागा दाखवितात. तेथे एक खड्डा, काही पायऱ्या आणि इतस्ततः पडलेले स्तंभांचे तुकडे आहेत. भूकंपांनी तिचा वरचा भाग कोसळला हे खरे. परंतु भूकंप दगड पाडतो, तो उचलून नेत नाही. मग दगड कोठे गेले? या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच बोद्रुमचा किल्ला.

यरुशलेममध्ये आजारी यात्रेकरूंच्या शुश्रूषेसाठी स्थापन झालेला संत योहानाचा हॉस्पिटलर धर्मसंघ आपल्या वाचकांना परिचित असेल. १११३ साली पोप दुसरे पास्कल यांनी त्याला मान्यता दिली. पुढे शुश्रूषेच्या जोडीला तलवारही आली आणि हळूहळू तलवारच पुढे झाली. १२९१ साली आक्रा हे शेवटचे मोठे ठाणे हातचे गेल्यावर हा संघ प्रथम सायप्रस बेटावर आणि तेथून ऱ्होड्सवर आला. आशिया मायनरच्या भूमीवर स्मर्ना येथे त्यांचा एक किल्ला होता. १४०२ च्या डिसेंबरात तैमूरलंगाने तो जिंकून उद्ध्वस्त केला. त्याच्या बदल्यात मुख्य भूमीवर पाय ठेवावयाला जागा हवी म्हणून उस्मानी सुलतान पहिला मेहमेद याच्या संमतीने त्यांनी हालिकार्नाससच्या खडकावर नवा किल्ला बांधावयास घेतला. हाइनरिश श्लेगेलहोल्ट या जर्मन नाइटकडे बांधकामाची देखरेख होती. किल्ल्याला संत पेत्राचे नाव देण्यात आले. लॅटिन ‘पेत्रोनियुम’ या रूपावरूनच पुढे ‘बोद्रुम’ हे नाव झाले, असे मानतात. तुर्की भाषेत ‘बोद्रुम’ याचा अर्थ तळघर असाही होतो. या दुसऱ्या अर्थाकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

किल्ल्याच्या बांधकामाला हातभार लावणाऱ्यांसाठी १४०९ साली पोपच्या नावाने एक आज्ञापत्र निघाले. तेथील वाटाडे हौसेने सांगतात की, काम करणाऱ्या प्रत्येक गवंड्याला पोपने स्वर्गात जागा राखून ठेविली होती. आमच्या तुकडीत यावर थोडी कुजबूज झाली. अशा आज्ञापत्राने मिळते ती पापदंडाची सूट, जिला ‘इंडलजन्स’ म्हणतात, आणि तिच्यासाठी पश्चात्ताप व पापनिवेदन आवश्यक असते. स्वर्गाचे आरक्षण ही गोष्ट ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत बसत नाही. परंतु वाटाड्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता, कारण तत्कालीन गवंड्याने ती गोष्ट वाटाड्यासारखीच समजून घेतली असेल अशी दाट शंका आम्हांला आहे. शिवाय ते १४०९ साल होते. पीसा येथील परिषदेनंतर पोपच्या पदावर एकाच वेळी तिघे जण हक्क सांगत होते. कोणाच्या चाव्यांनी स्वर्गाचे दार उघडावयाचे हाच युरोपभर वाद होता.

किल्ल्याच्या आतील भागात पोहोचेपर्यंत सात दरवाजे ओलांडावे लागतात. भिंतींवर संघाच्या प्रमुखांची, किल्लेदारांची आणि राजघराण्यांची कुलचिन्हे कोरलेली आहेत. त्यांची संख्या २४९ असल्याचे सांगतात. धर्मसंघातील नाइट भाषेनुसार गटांत विभागलेले असत, आणि प्रत्येक गटाकडे तटाचा एकेक भाग सोपविलेला असे. त्यामुळे येथे फ्रेंच, इटालियन, जर्मन, स्पॅनिश आणि इंग्लिश असे निरनिराळे बुरूज आहेत. इंग्लिश बुरुजावर राजा चौथा हेन्री याचे राजचिन्ह आहे, आणि त्याच बुरुजाच्या पश्चिमेच्या भिंतीत एक प्राचीन सिंह बसविलेला आहे. तो इंग्लंडचा सिंह नव्हे. तो कोठल्या तरी जुन्या इमारतीवरून येथे आला.

या सिंहापाशीच आमच्यातील एक काका थांबले. वसईच्या पट्ट्यात त्यांनी सारी उमर गवंडीकामात घालविली. बाकीची मंडळी वाटाड्याचे ऐकत असता ते भिंतीला अगदी नाक लावून पाहात होते. “मास्तर, हे सगळे दगड एका खाणीतले नव्हेत,” ते आम्हांला म्हणाले. “हा हिरवट दगड बघा आणि हा पांढरा बघा. ह्यांच्या कडा किती नेमक्या आहेत! किल्ला बांधणाऱ्या माणसाला एवढी नेमकी कड लागत नाही. हे घडवणारा हात वेगळा, आणि रचणारा वेगळा. कोणाचं तरी घर मोडून आणलंय हे.”

पुस्तके वाचून आलेल्या आम्हां मंडळींना जे सांगता आले नसते, ते काकांनी दहा मिनिटांत सांगितले. हिरवट दगड हा ज्वालामुखीचा. तो समाधीच्या अंतर्भागात भरलेला होता. पांढरा तो संगमरवर. पंधराव्या शतकाच्या आरंभापासून समाधीच्या पडलेल्या शिळा उचलून आणण्यास सुरुवात झाली होती. १४९४ नंतर तट जाड करताना त्या पुन्हा लागल्या. समाधीवरील शिल्पपट्ट, ज्यांत ग्रीक योद्धे आणि अमेझॉन स्त्रिया यांचे युद्ध कोरलेले होते, ते मात्र नाइट लोकांनी शोभेसाठी भिंतीत दर्शनी बाजूने बसविले. इतकी तरी रसिकता त्यांच्या ठायी होती. राहिलेला संगमरवर कोठे गेला हे काकांना विचारावे लागले नाही. “भट्टीत,” ते म्हणाले, “चुन्याला.” आमच्या किनाऱ्यावर एके काळी शिंपल्या जाळून चुना करीत. संगमरवरही तसाच जळतो, आणि त्याचा चुना उत्तम होतो.

१५२२ साली सुलतान सुलेमानाने ऱ्होड्सवर स्वारी केली. किल्ला तातडीने भक्कम करावा म्हणून काही नाइट ऱ्होड्सहून बोद्रुमला पाठविण्यात आले. त्यानंतर जे घडले ते त्यांच्यातील द ला तूरेत नावाच्या सरदाराने पुढे फ्रान्समध्ये सांगितले, आणि क्लोद गिशार या लेखकाने १५८१ मध्ये लियों येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात ते नोंदविले. हकीकत अशी: चुन्यासाठी दगड शोधीत असता त्यांना शेतात पांढऱ्या संगमरवराच्या पायऱ्या दिसल्या. त्या त्यांनी उखडल्या. खाली आणखी दगड निघाले, म्हणून ते खणीत गेले. चार-पाच दिवसांनी त्यांना तळघरासारखी एक पोकळी लागली. मेणबत्त्या घेऊन ते आत उतरले तो एक मोठे दालन, भोवती संगमरवरी स्तंभ, त्यांच्या मधल्या भिंतींवर इतिहासातील प्रसंगांची आणि लढायांची शिल्पे. प्रथम ते सारे पाहून थक्क झाले. त्या कारागिरीची त्यांनी वाखाणणी केली. आणि मग त्यांनी ते सर्व फोडले आणि बाकीच्या दगडांसोबत भट्टीकडे रवाना केले.

पुढे एक बुटके दार होते. त्यातून दुसऱ्या दालनात गेल्यावर त्यांना संगमरवरी शवपेटी दिसली. परंतु परतीचा इशारा झाला होता, म्हणून ती न उघडताच ते किल्ल्यात गेले. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतात तो पेटी उघडलेली, आणि जमिनीवर जरीच्या वस्त्राचे तुकडे व सोन्याच्या टिकल्या विखुरलेल्या. किनाऱ्यावर घिरट्या घालणाऱ्या चाच्यांनी रात्री डाव साधला असावा, असे त्यांनी मानले. विसाव्या शतकात क्रिस्तियान येपेसेन या डॅनिश पुरातत्त्वज्ञाने त्या जागेचे पुन्हा उत्खनन केले.

या हकीकतीतील ‘थक्क झाले’ आणि ‘फोडले’ या दोन क्रियापदांच्या मध्ये काय घडले असेल, यावर आम्ही त्या दिवशी बराच विचार केला. अडाणी माणसाने सुंदर वस्तू फोडली तर त्याला ती सुंदर आहे हे कळले नाही असे म्हणता येते. या लोकांना कळले होते. शत्रू दारात होता आणि त्यांना चुना हवा होता, हेही खरे. स्वधर्माच्या रक्षणासाठी आपण हे करीत आहोत, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

आम्ही वसईची माणसे. आमच्या लहानपणापासून वसईच्या किल्ल्यातील छप्पर उडालेली ख्रिस्तमंदिरे आम्ही पाहात आलो. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यानंतर तेथील घंटा महाराष्ट्रभर निरनिराळ्या देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीला तशी एक घंटा आजही आहे, आणि तिच्यावर बाळ येशूसह पवित्र मरियेची प्रतिमा आहे. ती प्रथम पाहिली तेव्हा आम्हांला काय वाटले ते येथे सांगावयास नको. आमच्या बहुतेक वाचकांना तसेच वाटले असेल. आपल्या मंदिराची वस्तू दुसऱ्याच्या मंदिरात टांगलेली पाहणे, हे दुःख आम्ही वारसाहक्काने बाळगून आहोत. परंतु बोद्रुमच्या भिंतीपुढे उभे राहिल्यावर तो वारसा आमच्या कामी येईना. येथे मोडणारे हात क्रूसधाऱ्यांचे होते. मग बोरिवलीजवळचे मंडपेश्वर आठवले. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी त्या शैव लेण्यात प्रार्थनामंदिर केले आणि त्याच्यावर मठ उभारला. त्या मठाचे भग्नावशेष आम्ही सहलीला जाऊन पाहिले आहेत, त्यांच्या पडक्या भिंतींबद्दल हळहळलो आहोत. त्यांच्या खाली असलेल्या लेण्याबद्दल तितके हळहळल्याचे आम्हांला स्मरत नाही.

आता तळघराकडे वळू. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जाक गातिनो नावाचा किल्लेदार येथे होता. त्याच्या नावाच्या बुरुजाखाली कैद्यांची कोठडी आहे, आणि १५२३ पर्यंत तेथे माणसांना यातना देण्यात येत. त्या कोठडीच्या वाटेवर लॅटिन अक्षरे कोरलेली आहेत: ‘इंदे देउस आबेस्त’. अर्थ असा की, येथून देव दूर आहे, येथे तो नाही. किल्ल्यातच दुसऱ्या एका शिलालेखात रात्रीच्या प्रार्थनेतील विनवणी आणि तिच्या जोडीला स्तोत्रसंहितेतील १२७ व्या स्तोत्राचा आशय आहे. जागेपणी आम्हांला तार, झोपेत सांभाळ, प्रभूने राखण केली नाही तर पहारेकऱ्याचे जागणे फुकट, अशा अर्थाचा तो लेख. एकाच किल्ल्यात, एकाच धर्मसंघाच्या माणसांनी वर देवाला पहाऱ्यावर बोलाविले आणि खाली एका खोलीपुरते त्याला बाहेर ठेविले. कोठडीत उतरावयास धर्मभगिनींनी नकार दिला. त्या वरच थांबल्या आणि आम्ही येईपर्यंत त्यांच्या हातांत जपमाळ होती.

ऱ्होड्स १५२२ च्या डिसेंबरात पडले. अटींनुसार नाइट लोकांना शस्त्रांसह सन्मानाने जाऊ देण्यात आले. पुढील जानेवारीत बोद्रुमचा किल्लाही एक गोळी न झाडता सुलतानाच्या ताब्यात गेला. ज्या तटासाठी समाधी जाळली त्याच्यावर लढाई झालीच नाही. १५३० मध्ये तो धर्मसंघ माल्टाला गेला. आपल्या बाजूने पाहता एक धागा येथे नोंदविण्याजोगा आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढील वर्षी दीवला किल्ला बांधावयाची परवानगीही दिली; त्याच दीवला १५३८ मध्ये वेढा घालणारे आरमार ऱ्होड्स व बोद्रुम घेणाऱ्या या सुलतान सुलेमानाचेच होते. इजिप्तचा सुभेदार खादिम सुलेमान पाशा ते घेऊन आला होता. दीव पडले असते तर आमच्या वसईचा इतिहास कोणत्या वळणाने गेला असता हे सांगणे कठीण आहे.

किल्ल्यातील प्रार्थनामंदिर सुरुवातीच्या वर्षांतच उभे राहिले होते. स्पॅनिश नाइट लोकांनी १५१९-२० मध्ये ते नव्याने बांधले. तीन वर्षांत त्याची मशीद झाली आणि त्याला मिनार लागला. १९१५ च्या मे महिन्यात फ्रेंच युद्धनौकेने किल्ल्यावर तोफा डागल्या तेव्हा तो मिनार कोसळला. १९९७ मध्ये तो पुन्हा बांधण्यात आला. मधल्या काळात, १८९५ पासून, किल्ल्याचा तुरुंग झाला होता. तळघर या अर्थाचे नाव त्याला तेव्हाही शोभले असेल.

शिल्पपट्टांचे पुढे काय झाले तेही सांगावयास हवे. १८४६ मध्ये इस्तंबूलमधील ब्रिटिश राजदूत स्ट्रॅटफर्ड कॅनिंग यांनी सुलतानाकडून परवानगी मिळवून सुमारे बारा शिल्पशिळा तटातून काढविल्या आणि लंडनला पाठविल्या. दहा वर्षांनी चार्ल्स न्यूटन येथे आले. त्यांनी समाधीची जागा शोधून खणली आणि भिंतींत अडकलेले सिंहही सोडवून नेले. नाइट लोकांनी ज्या शिळा भिंतीत चिणल्या त्या न्यूटनने मुक्त केल्या, असे इंग्रजी पुस्तकांत लिहिलेले आढळते. मुक्त झालेल्या या शिळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि बोद्रुमच्या माणसाला त्या पाहावयाच्या असतील तर व्हिसा काढावा लागतो.

अशा या किल्ल्यात वस्तुसंग्रहालय यावे आणि तेही समुद्रतळाच्या पुरातत्त्वाचे, हा योग चमत्कारिक आहे. आपल्याकडे जुन्या गोव्यात असिसीकर संत फ्रान्सिसच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे, तसाच काहीसा हा प्रकार. बोद्रुम हे स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांचे गाव. १९५८ च्या सुमारास पीटर थ्रॉकमॉर्टन नावाचा अमेरिकन येथे आला आणि या पाणबुड्यांच्या नावांतून फिरू लागला. मासेमारीच्या जाळ्यांत जुने रांजण येतात, तळाशी अमुक जागी तांब्याच्या लगडी पडलेल्या आहेत, असे ते सहज बोलून जात. केमाल आरास या नावाड्याने सांगितलेल्या एका जागी, गेलिदोन्या भूशिरापाशी, १९६० मध्ये जॉर्ज बॅस यांनी बुडालेल्या प्राचीन जहाजाचे उत्खनन केले. समुद्राच्या तळावर, शास्त्रीय पद्धतीने, अखेरपर्यंत नेलेले ते पहिले उत्खनन होय. बॅस हे पुरातत्त्वाचे विद्यार्थी होते आणि पाण्याखाली जावयाचे ते या कामासाठीच शिकले. वर आलेल्या वस्तू ठेवावयाच्या कोठे, हा प्रश्न पडला तेव्हा ओसाड पडलेला किल्ला समोर होता.

संग्रहालयातील दालने अनेक आहेत. सर्वांचे वर्णन येथे शक्य नाही. सेर्चे लिमानी येथील अकराव्या शतकातील जहाजात तीन टन काच होती, आणि तीतील बरीचशी मुद्दाम वितळविण्यासाठी नेत असलेली फुटकी काच. ती पाहून आमच्या भगिनीवर्गाला भंगारवाल्याची आठवण झाली. आम्हांला स्वतःला अधिक वेळ लागला तो उलुबुरुनच्या जहाजापाशी.

१९८२ मध्ये मेहमेत चाकिर या स्पंजवाल्या पाणबुड्याने तळाशी ‘कान असलेली धातूची बिस्किटे’ पाहिल्याचे सांगितले. ती तांब्याच्या लगडींची वर्णने होती. १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षे, चव्वेचाळीस मीटर आणि त्याहून अधिक खोलीवर, बावीस हजारांवर बुड्या मारून ते जहाज उकलण्यात आले. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते बुडाले. त्यात दहा टन तांबे आणि एक टन कथील होते. या दोहोंच्या मिश्रणानेच कांसे होते. निळ्या काचेच्या लगडी, आफ्रिकेतील काळे लाकूड, हत्तीचा व पाणघोड्याचा दात, बाल्टिककडील तृणमणी, इजिप्तच्या राणी नेफरतितीच्या नावाची सोन्याची मुद्रा, हे सारे एकाच तारवात. जहाजाचे स्वतःचे लाकूड गंधसरूचे; शलमोनाच्या मंदिरासाठी लबानोनहून आलेल्या लाकडाचीच ती जात. आमच्या काकूंनी मात्र आणखी एका गोष्टीची चौकशी केली. रांजणांत डाळिंबे, अंजिरे आणि बदाम यांच्यासोबत धने, करडई आणि कलौंजीही सापडली होती. “म्हणजे आपल्याच मसाल्याच्या डब्यातलं सामान,” काकू म्हणाल्या. तीन हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या खलाशांविषयी त्यांना एकदम आपलेपणा वाटू लागला.

याच जहाजात हस्तिदंती बिजागरीने जोडलेली, मिटता येणारी लाकडी पाटी सापडली. आत मेण भरून त्यावर लिहीत. जगातील अतिप्राचीन पुस्तकांपैकी ते एक. मेण गेले, त्याच्यासोबत अक्षरेही गेली.

आणि यास्सी आदा. याचा अर्थ ‘सपाट बेट’. बोद्रुमच्या पश्चिमेस असलेल्या या बेटाच्या खडकावर अनेक जहाजे फुटली. त्यांतील सातव्या शतकातील एक बॅस यांनी १९६१ ते १९६४ मध्ये उकलले. ते सुमारे वीस मीटर लांबीचे, त्यात नऊशेच्या आसपास मद्याचे रांजण होते. सापडलेल्या नाण्यांत शेवटचे इ. स. ६२५-२६ चे, सम्राट हेराक्लिअसच्या कारकिर्दीतील. क्रूस असलेले काशाचे एक धूपपात्र निघाले. आणि एक तराजूची दांडी निघाली. तिच्यावर ग्रीक अक्षरांत मालकाचे नाव कोरलेले आहे: योर्गिओस, प्रेस्बितेर, नौकेचा धनी. प्रेस्बितेर म्हणजे वडीलधारी मनुष्य, आणि प्रेस्बितेर म्हणजे धर्मगुरूही. अभ्यासकांचा कल असा की, हा माणूस धर्मगुरू असावा, जहाज ख्रिस्तसभेचे असावे, आणि इराणविरुद्धच्या मोहिमेत लढणाऱ्या सम्राटाच्या सैन्याला ते मद्य पोहोचवीत असावे. यज्ञवेदीवर द्राक्षारस अर्पण करणाऱ्या हातांनी तो येथे मापून दिला असेल. दांडीचे वजन म्हणून मात्र अथेना देवतेची अर्धप्रतिमा लावलेली आहे. जुनी देवता वजनापुरती उरली होती, आणि फादर योर्गिओसना तिचे वावडे नव्हते. तिला वितळवून नवे वजन ओतून घेण्याची गरज त्यांना वाटली नाही. त्यांच्या जहाजाच्या मागील भागाची प्रतिकृती पुढे उभी राहिली ती नाइट लोकांच्या त्या प्रार्थनामंदिरात, जी नंतर मशीद झाली. तीन काळांची तीन माणसे एका छपराखाली आली म्हणावयाचे.

बाहेर पडेपर्यंत सूर्य कोसच्या डोंगरापाशी आला होता. पहारेकरी दरवाजे बंद करण्याच्या तयारीत होते. सातव्या दरवाजापासून पहिल्यापर्यंत उतरताना आम्ही काकांची वाट पाहात थांबलो. ते पुन्हा भिंतीशीच होते. दोन हिरव्या शिळांच्या सांध्यातून पांढरा चुना किंचित पुढे आला होता. “मास्तर,” त्यांनी विचारले, “हा चुना त्या भट्टीतला असेल काय?” असेल, आम्ही म्हणालो. काकांनी अंगठ्याचे नख पुढे केले, क्षणभर तसेच धरले, आणि हात मागे घेऊन खिशात घातला. बसचा भोंगा दुसऱ्यांदा वाजत होता.